शाळा सुटल्यानंतरचे दोन तास : चाकू बाळगणाऱ्या मुलांसाठीच्या एका युवा उपक्रमाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण उत्तर इंग्लंडमधील एका मध्यम आकाराच्या शहरातले आहे. शहर, वस्ती, शाळा आणि संस्था यांची नावे येथे दिलेली नाहीत, आणि मुलांची वये व घटनांचे काही तपशील जाणीवपूर्वक बदलले आहेत. बाल न्यायालयासमोर आलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास इंग्लंडमध्ये १९३३ च्या कायद्याने मनाई आहे. जो मुलगा न्यायालयापर्यंत पोहोचलाच नाही त्यालाही किमान तेवढे संरक्षण मिळाले पाहिजे, अशी या लेखामागची भूमिका आहे.

वस्ती बहुतांशी नगरपालिकेच्या भाड्याच्या घरांची. दोन माध्यमिक शाळा, त्यांना जोडणारा एकच मुख्य बसमार्ग आणि मध्ये एक लहानसा बाजार. २०१० नंतर इंग्लंडभर युवा सेवांच्या अनुदानात मोठी कपात झाली, त्या काळात इथले युवा केंद्रही बंद पडले आणि संध्याकाळी मुलांना जाण्यासारखी जागा उरली नाही. पुढे काही वर्षांनी, शाळा सुटल्यानंतर, याच मार्गावरील एका बस थांब्यावर पंधरा वर्षांच्या मुलाच्या मांडीत चाकू खुपसला गेला. मुख्य रक्तवाहिनी थोडक्यात वाचल्यामुळे तो जगला. हल्ला करणारा दुसऱ्या शाळेतला, वयाने त्याच्याएवढाच होता.

या घटनेनंतर स्थानिक समाजमंदिराच्या सभागृहात काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेला व्हायलन्स रिडक्शन युनिटकडून एका वर्षासाठी निधी मिळाला. पोलीस, आरोग्य, शिक्षण आणि नगरपालिका यांना एकत्र बसवणारी ही युनिट्स इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१९ पासून सुरू झाली. त्यांची मूळ प्रेरणा स्कॉटलंडमधील. तेथे २००५ मध्ये स्ट्रॅथक्लाइड पोलिसांनी ग्लासगोमधील हिंसाचाराकडे साथीच्या रोगासारखे पाहायचे ठरवले. म्हणजे रुग्ण मोजत बसण्याऐवजी संसर्ग कुठून कुठे पसरतो ते शोधायचे आणि तिथे तो अडवायचा.

समस्या

निधीच्या अर्जात उद्दिष्ट एका ओळीत लिहिले होते : चाकू बाळगणाऱ्या मुलांचे प्रमाण कमी करणे. त्यानुसार पहिला आराखडाही सरळ होता. दोन्ही शाळांत जाऊन सत्रे घ्यायची, जखमांची छायाचित्रे दाखवायची, शिक्षा भोगून आलेल्या एका माणसाचे अनुभवकथन ठेवायचे आणि कायदा समजावून सांगायचा. हे सारे मनापासून केले गेले आणि शिक्षकांनी त्याचे कौतुकही केले.

अडचण तिसऱ्या सत्रात समोर आली. छायाचित्रे दाखवून झाल्यावर बारा-तेरा वर्षांच्या एका मुलाने हात वर करून विचारले, "एवढ्या जणांकडे चाकू असतो, मग माझ्याकडेच नसेल तर माझे काय होणार?" त्याच्या स्वरात आगाऊपणा नव्हता. जे दाखवले गेले त्यातून त्याने काढलेला तो अगदी तर्कशुद्ध निष्कर्ष होता. बहुसंख्य मुले कधीच चाकू बाळगत नाहीत. परंतु ही गोष्ट कोणत्याही चित्रात दिसत नाही, जखम मात्र दिसते. मुलांना घाबरवून सावध करण्याच्या प्रयत्नात, सगळेच चाकू बाळगतात हा त्यांचा समज आपण पक्का करत असतो. या विषयातला हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज आहे असे मला वाटते.

दुसरी अडचण कायद्याविषयीची. इंग्लंडमध्ये १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टनुसार, तीन इंचांपर्यंत पाते असलेला घडीचा खिशातला चाकू सोडल्यास, पाते किंवा टोक असलेली कोणतीही वस्तू सबळ कारणाविना सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगणे हा गुन्हा आहे आणि त्याला चार वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्वसंरक्षण हे असे सबळ कारण सहसा धरले जात नाही. मुलांचा समज मात्र नेमका उलटा होता : हल्ला करायला बाळगला तर गुन्हा, जीव वाचवायला बाळगला तर नाही. हा समज सत्रांमधून दूर झाला, तरी चाकू दप्तरातून बाहेर निघाला नाही. ज्याला वाटेत मार बसण्याची भीती आहे, त्याला न्यायालय दूरचे वाटते आणि बस थांबा जवळचा.

तिसरी अडचण हजेरीची. संध्याकाळच्या ऐच्छिक सत्रांना येत होती ती एरवीही घरी वेळेवर जाणारी मुले. ज्यांच्यासाठी निधी मिळाला होता, ती बाजाराच्या कोपऱ्यावर उभी असत.

नकाशा

संस्थेच्या प्रमुख युवा कार्यकर्त्याने या टप्प्यावर सत्रे थांबवली आणि मुलांना वस्तीचा मोठा छापील नकाशा दिला. जिथे जायला भीती वाटते तो भाग लाल पेनाने रंगवा, आणि शेजारी वेळ लिहा, एवढेच सांगितले. चाकू हा शब्द उच्चारला गेला नाही. सभागृहात न येणाऱ्या मुलांपर्यंत तो नकाशा घेऊन कार्यकर्ते स्वतः बाजाराच्या कोपऱ्यावर गेले.

परत आलेले नकाशे पाहण्यासारखे होते. एका मुलाने स्वतःचे घर आणि आजीची गल्ली एवढी दोन चौकोनी जागा सोडून बाकी सगळा कागद लाल केला होता, इतका दाबून की पेन काही ठिकाणी आरपार गेले होते. धाकट्या मुलांनी बस थांबा टाळून नाल्याकाठच्या पायवाटेने घरी जाण्याचा वळसा काढून दाखवला. त्या वाटेवर दिवे नव्हते. सगळे नकाशे एकमेकांवर ठेवल्यावर लाल रंग एकाच ठिकाणी साचलेला दिसला : दोन्ही शाळांच्या बसगाड्या जिथे मिळतात तो थांबा, आणि वेळ साधारण साडेतीन ते साडेपाच.

हे या एका वस्तीपुरते नव्हते. लंडनच्या रॉयल लंडन रुग्णालयात २००४ ते २०१४ या काळात चाकूच्या जखमा घेऊन आलेल्या २५ वर्षांखालील रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सोळा वर्षांखालील मुलांवरील हल्ले शाळेच्या दिवशी, दुपारी चार ते सहाच्या दरम्यान, घराच्या आणि शाळेच्या परिसरात एकवटलेले आढळले. शाळा सुटण्याच्या वेळा पुढेमागे कराव्यात, ही सूचना त्याच अभ्यासातली. वस्तीतल्या मुलांनी पेनाने तेच सांगितले होते.

नकाशांमुळे प्रश्नाची मांडणीच बदलली. चाकू कसा काढून घ्यायचा हा प्रश्न मागे पडला. ते दोन तास मुलांसाठी सुरक्षित कसे करायचे, हा पुढे आला.

विचारात घेतलेले पर्याय

पोलिसांनी बस थांब्यावर झडतीची मोहीम सुचवली. १९९४ च्या कायद्यातील कलम ६० खाली, विशिष्ट क्षेत्रात आणि ठरावीक वेळेपुरते, संशयाचे कारण नसतानाही झडती घेण्याचा अधिकार देता येतो. मोहिमेमुळे काही दिवस शांतता मिळाली असती, हे कोणी नाकारले नाही. पण त्याच मुलांशी बोलण्यासाठी कार्यकर्ते तिथे उभे राहणार होते. गणवेशातील झडती आणि विश्वासाचे नाते ही दोन्ही कामे एकाच थांब्यावर, एकाच तासात होणार नाहीत, असे संस्थेने स्पष्ट सांगितले. तडजोड अशी निघाली की ठोस माहिती असेल तेव्हा पोलीस आपला अधिकार वापरतील, सरसकट मोहीम मात्र करणार नाहीत.

एका नगरसेवकाने मुलांना तुरुंग दाखवून आणण्याचा आग्रह धरला. हा पर्याय लवकर बाजूला ठेवला गेला आणि ते योग्यच झाले. तुरुंगभेटींनी मुले सुधारत नाहीत, उलट पुढे गुन्ह्यात सापडण्याचा धोका वाढू शकतो, असे या विषयावरील संशोधन सातत्याने सांगत आले आहे.

अधिक विचार झाला तो लक्ष्यित प्रतिबंधाचा. १९९० च्या दशकात बॉस्टनमध्ये बंदुकीच्या हिंसाचारासाठी ही पद्धत उभी राहिली. २००८ पासून ग्लासगोमध्ये टोळ्यांतील तरुणांना न्यायालयाच्या दालनात बोलावून पोलीस, शल्यविशारद आणि मुलगा गमावलेली आई यांच्यासमोर बसवले गेले. हिंसा थांबवा, मदत हवी तर आजच मिळेल, थांबवली नाही तर संपूर्ण टोळीवर कारवाई होईल, असा तो संदेश असतो. पद्धतीमागचा आधार भक्कम आहे. परंतु या वस्तीत टोळ्या नव्हत्या. शाळेच्या टायवरून ओळखली जाणारी, आठवड्याला बदलणारी मित्रमंडळे होती. ज्यांची टोळी नाही त्यांना टोळी म्हणून बोलावले असते, तर कदाचित ती तयार झाली असती.

केवळ फुटबॉल किंवा मुष्टियुद्धाचे वर्ग चालवण्याचाही प्रस्ताव होता. खेळ मुलांना आणतो, पण आलेल्या मुलाशी बोलणारे माणूस तिथे नसेल तर खेळ संपताच तो त्याच थांब्यावर जाऊन उभा राहतो.

प्रत्यक्ष कृती

दोन्ही मुख्याध्यापकांशी बोलणी होऊन एका शाळेने सुटण्याची वेळ वीस मिनिटांनी पुढे ढकलली. ऐकायला ही बाब किरकोळ वाटते, पण बसचे वेळापत्रक, शिक्षकांचे करार आणि लहान भावंडांना आणण्याची पालकांची वेळ, या सगळ्यांना तिने हात घातला. सर्वांत जास्त बैठका याच एका गोष्टीसाठी झाल्या.

थांब्यावर रोज दोन प्रौढ उभे राहू लागले : एक प्रशिक्षित युवा कार्यकर्ता आणि एक वस्तीतली व्यक्ती, बहुधा कोणाची तरी आई. मुलांची नावे लक्षात ठेवणे आणि आजचा दिवस कसा गेला ते विचारणे, एवढेच त्यांचे काम. सभागृह सव्वातीनला उघडून टोस्ट आणि गरम पेय मिळू लागले. सुरुवातीला मुले खाण्यासाठी आली, हे नोंदवून ठेवले पाहिजे, कारण पुढे अनुदान देणाऱ्यांनी याच खर्चाला कात्री लावायला सांगितले.

ज्यांच्याविषयी अधिक काळजी होती अशा आठ-दहा मुलांना प्रत्येकी एक मार्गदर्शक जोडून दिला. पालकांच्या गटात स्वयंपाकघरातील चाकूंविषयी मोकळेपणाने बोलले गेले. भयानक दिसणाऱ्या हत्यारांची चर्चा वर्तमानपत्रांत अधिक होते, आणि 'झॉम्बी' प्रकारच्या चाकूंवर इंग्लंड व वेल्समध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये बंदी आलीही. पण चाकूने होणाऱ्या मृत्यूंत ओळख पटलेल्या हत्यारांपैकी घरातला भाजी-मांस कापायचा चाकूच सर्वाधिक वेळा आढळतो. काही कुटुंबांनी टोकदार चाकूंऐवजी गोल पुढच्या भागाचे चाकू वापरायला सुरुवात केली. आपल्या ओट्यावरचा एखादा चाकू महिन्याभरापासून दिसत नाही, हे दोन आयांना या बैठकीत बोलता बोलताच लक्षात आले.

रुग्णालयाकडूनही माहिती मागवली. कार्डिफमध्ये शल्यविशारद जोनाथन शेफर्ड यांनी रूढ केलेली पद्धत अशी की अपघात विभागात आलेल्या जखमीला हल्ला कुठे, केव्हा आणि कशाने झाला एवढे विचारायचे आणि नाव वगळून ती नोंद यंत्रणेला द्यायची, कारण अशा हल्ल्यांपैकी बरेचसे पोलिसांपर्यंत जातच नाहीत. माहितीच्या देवाणघेवाणीचा करार होण्यातच निम्मे वर्ष गेले.

निर्णयाचा कठीण क्षण

सहाव्या महिन्यात चौदा वर्षांच्या एका मुलाने, त्याला येथे 'क' म्हणू, सभागृह बंद होताना आपल्या मार्गदर्शकाला सांगितले की त्याच्या दप्तरात चाकू आहे. तो सकाळपासून होता, म्हणजे शाळेतही होता.

पहिल्याच भेटीत मार्गदर्शकाने क ला सांगून ठेवले होते की तुझे बोलणे माझ्याजवळ राहील, मात्र तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असे वाटले तर मला ते पुढे सांगावेच लागेल, आणि तेव्हा मी तुझ्यापासून ते लपवणार नाही. ही मर्यादा आधी सांगितलेली नसती, तर त्या संध्याकाळी प्रामाणिक असा एकही मार्ग उरला नसता.

तरीही समोरचे मार्ग सोपे नव्हते. चाकू काढून घेऊन गप्प बसावे, तर मुलगा आज वाचतो, उद्या दुसरा चाकू येतो, आणि संस्थेच्या बालसंरक्षण नियमांचा भंग होतो. ताबडतोब पोलीस बोलवावेत, तर दाराशी गणवेश दिसताच मुलगा पळणार आणि दुसऱ्या दिवशी एकही मुलगा सभागृहात पाऊल टाकणार नाही. स्वतः चाकू नेऊन, लोकांनी चाकू आणून टाकावेत यासाठी ठेवलेल्या संकलन पेटीत टाकावा, तर रस्त्यावर पाते बाळगणारा तो कार्यकर्ताच ठरतो.

मार्गदर्शकाने आधी कारण विचारले, आणि पुढचे सगळे त्या क्रमावर अवलंबून राहिले. क ने तुकड्यातुकड्यांत सांगितले. एका मोठ्या मुलाने त्याला नवे बूट दिले होते, मग एक पाकीट पोहोचवायला सांगितले होते. वाटेत ते पाकीट दोघांनी हिसकावले, आणि आता त्याचे पैसे क ने फेडायचे होते. अनुभवी कार्यकर्त्यांना हा डाव ओळखीचा आहे : हिसकावणारे बहुधा पाकीट देणाऱ्याचीच माणसे असतात आणि ते कर्ज मुलाला बांधून ठेवण्यासाठीच रचलेले असते. चाकू त्या दोघांच्या भीतीने घेतलेला होता.

यानंतर मार्गदर्शकाने क च्या समोरच बालसंरक्षणाची जबाबदारी असलेल्या सहकारी बाईंना फोन लावला. चाकू दप्तरासकट कार्यालयाच्या कपाटात बंद करून ठेवला आणि किल्ली बाईंकडे दिली. आईला बोलावले. पोलिसांशी संपर्क साधला, पण शाळांशी जोडलेल्या आणि मुलांना माहीत असलेल्या अधिकाऱ्यालाच साध्या कपड्यांत येण्याची विनंती केली आणि ती मान्य झाली. गुन्ह्यासाठी मुलाचे शोषण होत असल्याची नोंद बाल समाजसेवा विभागाकडे झाली. मानवी तस्करी आणि आधुनिक गुलामगिरीचे बळी ओळखण्यासाठी २००९ पासून असलेल्या राष्ट्रीय यंत्रणेकडे विभागाने प्रकरण पाठवले. मुलांच्या बाबतीत त्यासाठी संमतीची अट नाही. चाकूबद्दल क ला युवा गुन्हे पथकाच्या देखरेखीखाली सशर्त ताकीद मिळाली आणि खटला टळला.

खरा पेच शाळेत उभा राहिला. शाळेत चाकू आणल्याबद्दल कायमचे काढून टाकण्याचा अधिकार मुख्याध्यापिकांना होता आणि आधीच्या वर्षी त्यांनी तो वापरलाही होता. बाकीच्या मुलांच्या पालकांना काय उत्तर द्यायचे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि संस्थेने तो हलका मानला नाही. संस्थेचे म्हणणे एवढेच होते की क ला दिवसभर रस्त्यावर मोकळे सोडणे म्हणजे पाकीट देणाऱ्याला हवे तेच हाती देणे, आणि स्वतःहून सांगणाऱ्याला शाळा गमवावी लागते हे दिसले तर यापुढे कोणी सांगणार नाही. अखेर थोड्या दिवसांचे निलंबन, काही आठवडे पर्यायी शिक्षण केंद्र आणि दप्तर तपासणीच्या अटीवर परत प्रवेश, असे ठरले. या निर्णयाची जोखीम मुख्याध्यापिकांनी एकट्यांनी पत्करली होती.

परिणाम

क शाळेत परतला आणि टिकला. त्याच्यामागचा मोठा मुलगा वस्तीतून दिसेनासा झाला. तो दुसरीकडे तेच करत असण्याची शक्यता धरूनच चालले पाहिजे. वर्ष संपेपर्यंत त्या बस थांब्यावर पुन्हा चाकूहल्ला झाला नाही. यावरून फार मोठा दावा करू नये, कारण असे हल्ले आधीही विरळच होते आणि एका वर्षात, एका थांब्यावर, योगायोग वेगळा काढता येत नाही. अधिक बोलका पुरावा दुसऱ्या वेळच्या नकाशांत होता : थांब्याभोवतीचा लाल रंग विरळ झाला होता आणि धाकटी मुले पुन्हा बसने जाऊ लागली होती. मात्र बाजाराचा भाग शनिवारी संध्याकाळसाठी नव्याने लाल झाला होता. भीती काही प्रमाणात जागा बदलून बसली होती.

एक मुलगा मात्र निसटला. सुरुवातीपासून येणाऱ्या सोळा वर्षांच्या या मुलाचा मार्गदर्शक करार संपल्याने दुसऱ्या नोकरीत गेला. पुढच्या वर्षाचा निधी मंजूर झाला, पण पैसे येईपर्यंत काही आठवडे सभागृह आठवड्यातून दोनच दिवस उघडे राहिले. मुलगा येईनासा झाला आणि नंतर दूरच्या एका गावात अमली पदार्थांसह पकडला गेला. आयुष्यात टिकून राहिलेले एकही मोठे माणूस नसलेल्या मुलाला आपण एक माणूस दिले आणि आर्थिक वर्ष संपताच काढून घेतले, ही या प्रकरणातील सर्वांत जड नोंद आहे.

काय वेगळे करता आले असते

नकाशाचे काम निधीचा अर्ज लिहिण्यापूर्वी व्हायला हवे होते. पहिले तीन महिने सत्रांत गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या सत्रांतून काही मुलांची भीती वाढली. शाळांना कायद्याची माहिती हवीच असेल, तर ती छायाचित्रांविना आणि बहुतेक मुले चाकू बाळगत नाहीत या वाक्याने सुरू करून देता येते.

मुलींचा विचार फार उशिरा झाला. मुलींची झडती क्वचितच होते म्हणून मुलांनी मैत्रिणींच्या दप्तरांत चाकू ठेवायला दिल्याचे दुसऱ्या सहामाहीत कळले. त्यांच्यासाठी वेगळा गट आणि स्त्री मार्गदर्शक सुरुवातीपासून असत्या, तर क चे कर्ज कदाचित काही आठवडे आधी कानावर आले असते. त्याच्या वर्गातल्या एका मुलीला ते माहीत होते, तिला विचारणारे कोणी नव्हते.

रुग्णालयाशी करार आणि शाळांशी निलंबनाबाबतचा समझोता प्रसंग येण्यापूर्वी कागदावर असावा. क च्या वेळी तो समजूतदार मुख्याध्यापिकांमुळे जमला. त्यांच्या जागी दुसरे कोणी असते तर वेगळे घडले असते, आणि एखाद्या मुलाचे शिक्षण अशा योगावर सोडता येत नाही.

निधीबाबत संस्थेने आता आपली अट ठरवली आहे : मार्गदर्शकांचे करार किमान तीन वर्षांचे, आणि निधी थांबणार असल्यास मुलांना सहा महिने आधी सांगून, त्यांना दुसऱ्या माणसाच्या हाती सोपवण्याचा वेळ त्यातच धरलेला. या अटीमुळे एक अनुदान हातचे गेले आहे आणि दुसऱ्यासाठी बोलणी सुरू आहेत.